निवड कुणी केली?

कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा या बेटावर, डोंगरमाथ्यावर, मोठ्या दुर्बिणींची एक वसाहतच आहे. २०१८ साली भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने त्यांतल्या दोन दुर्बिणी दोन वेगवेगळ्या क्वेसारांवर रोखल्या. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची विलक्षण तेजस्वी केंद्रं. पण या मंडळींना क्वेसारांचा अभ्यास करायचाच नव्हता. येणारा प्रत्येक प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, तांबड्याकडे झुकतो की निळ्याकडे, एवढंच त्यांना हवं होतं. तांबडा असेल तर मापनयंत्र एका कोनात लावायचं, निळा असेल तर दुसऱ्या. खरा प्रयोग चालला होता तो तिथेच, डोंगरावर तयार केलेल्या फोटॉनांच्या जोड्यांवर. क्वेसाराला लावला होता तो फक्त कौल.

कमीत कमी ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाला कौल लावण्याची वेळ विज्ञानावर का यावी? मी संगीत शिकवते, आणि हा प्रश्न मला माझ्या कामाच्या फार जवळचा वाटतो. संगीतशिक्षणावरचे शोधनिबंध मी कामाचा भाग म्हणून वाचते. क्वांटम भौतिकी आणि व्याजदरांचं अर्थशास्त्र हे मात्र आवडीने जोडलेले विषय. या तिन्हींत समान काही असेल अशी अपेक्षा ठेवून मी वाचायला बसले नव्हते. पण तिन्हीकडचे सर्वांत प्रामाणिक संशोधक एकाच ठिकाणी अडलेले दिसतात, आणि तिथून सुटण्यासाठी ते जे करतात ते पाहून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. ते अडतात ते या प्रश्नापाशी: मी ज्याचा परिणाम मोजतो आहे त्याची निवड कुणी केली, आणि ती करताना निवडणाऱ्याला आधीच काही ठाऊक होतं का?

आधी भौतिकीचं बघू. १९३५ मध्ये आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी असा मुद्दा मांडला की क्वांटम सिद्धांत अपुरा असला पाहिजे. एकत्र जन्मलेले दोन कण कितीही लांब गेले तरी त्यांच्यावरच्या मापनांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. याचं सरळ स्पष्टीकरण असं की निघतानाच दोघांजवळ उत्तरं लिहिलेली असतात, आपल्याला ती दिसत नाहीत इतकंच. जवळजवळ तीस वर्षं हा वाद तत्त्वज्ञानाच्या खात्यात पडून राहिला. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी तो गणितात आणला. उत्तरं आधीपासून ठरलेली असतील आणि एका टोकाच्या मापनाचा दुसऱ्या टोकावर तत्काळ प्रभाव पडत नसेल, तर वेगवेगळ्या कोनांत घेतलेल्या मापनांमधली जुळणी एका मर्यादेपलीकडे जाऊच शकत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे प्रचलित झालेल्या मांडणीत ती मर्यादा २ आहे. क्वांटम सिद्धांत म्हणतो, जुळणी २.८३ च्या आसपास पोचू शकते.

१९७२ मध्ये फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी बर्कलीत प्रयोग केला आणि मर्यादा मोडली. १९८२ मध्ये अलँ आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच मापनाची दिशा बदलत ठेवली, तरी ती मोडलीच. २०१५ मध्ये डेल्फ्टच्या गटाने १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन एकमेकांशी गुंतवून २४५ वेळा मापन केलं. आकडा आला २.४२. क्लाउझर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते या परंपरेसाठी.

पण मला खरा रस आहे तो बेल यांच्या सिद्धतेत शांतपणे बसलेल्या एका गृहीतकात. कोणत्या कोनात मोजायचं ही निवड कणांच्या आतल्या लपलेल्या माहितीपासून स्वतंत्र आहे, असं तिथे धरलेलं आहे. ती तशी नसेल तर? कणांजवळची माहिती आणि मापनाची निवड, दोन्हींचा उगम भूतकाळातल्या एकाच कारणात असेल, तर २ ची मर्यादा मोडूनही काहीच सिद्ध होत नाही. १९७६ मध्ये शिमोनी, हॉर्न आणि क्लाउझर यांनी नेमकं हेच बोट ठेवलं. क्लाउझर म्हणजे ज्यांनी स्वतः तो प्रयोग केला होता तेच. आपल्याच निष्कर्षाची सर्वांत नाजूक जागा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर जगाला दाखवून दिली. बेल यांनी पुढच्या वर्षी उत्तर दिलं. त्याचा आशय असा की एखादं यंत्र अगदी नियमबद्ध चालत असलं, तरी त्याचा शेवटचा आकडा असंख्य बारीकसारीक गोष्टींवर अवलंबून असतो. त्या गोष्टींचा आपल्या प्रयोगातल्या कणांशी काही संबंध असण्याचं कारण नाही. आपल्या कामापुरता तो आकडा स्वतंत्र मानायला हरकत नसावी.

'कामापुरता' एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं नाही, आणि ते चांगलंच झालं. म्हणून मग क्वेसारांना कौल. दोन बाजूंच्या निवडींना एखादं समान कारण असलंच, तर ते पृथ्वी जन्मण्याच्याही आधीच्या काळात ढकललं गेलं. त्याआधी, ३० नोव्हेंबर २०१६ रोजी, आणखी एक वेगळा मार्ग चोखाळला गेला. जगभरातल्या सुमारे एक लाख माणसांनी एका खेळात शून्य आणि एक अशी बटणं मनाला येतील तशी दाबली. त्यांतून ९ कोटींहून जास्त आकडे जमले. पाच खंडांतल्या प्रयोगशाळांनी त्याच आकड्यांवरून आपली मापनं ठरवली. मर्यादा तिथेही मोडली. अख्ख्या विश्वात अगदी आरंभापासून सगळंच एकमेकांशी बांधलेलं आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला खोडता येत नाही. मात्र ते मान्य केलं तर कुठल्याच प्रयोगाला अर्थ उरत नाही. औषधाची चाचणीसुद्धा बाद होईल. आकडेशास्त्राचे अध्वर्यू रोनाल्ड फिशर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिगारेट आणि कर्करोग यांच्या बाबतीत असाच आक्षेप घेतला होता. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती दोन्ही एकाच आनुवंशिक कारणातून येत असतील, असं ते म्हणत. ते चुकले. पण आक्षेपाचा घाट अगदी तोच होता.

आता माझ्या वर्गात या.

पालक विचारतात, गाणं शिकल्याने मुलाची बुद्धी वाढते ना? गणित सुधारतं ना? आकडे पाहिले तर होकार द्यावासा वाटतो. संगीत शिकणारी मुलं अभ्यासात सरासरीने पुढे असतात, हे अनेकदा दिसलं आहे. पण संगीताच्या वर्गाला कोण येतं? ज्यांच्या घरी वेळ आहे, पैसा आहे, शिकलेले आईवडील आहेत. त्याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे स्वभाव. २०१३ मध्ये कॉरिगॉल, शेलेनबर्ग आणि मिसुरा यांनी दाखवलं की मूल किती काळ संगीत शिकत राहतं याचा संबंध त्याच्या स्वभावाशी, विशेषतः नव्या अनुभवांविषयीच्या ओढीशी आणि आईवडिलांच्याही तशाच ओढीशी असतो. म्हणजे वर्गात पाऊल टाकण्याआधीच बरीच निवड झालेली असते.

१९९३ मधला मोझार्टचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो. छत्तीस विद्यार्थी, दहा मिनिटं दोन पियानोंची सोनाटा, आणि आकृत्यांच्या कोड्यांमध्ये थोड्या वेळापुरती सुधारणा. त्यावरून केवढा गाजावाजा झाला. १९९८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्याचा प्रस्ताव मांडला. तो प्रयोग ऐकण्याचा होता, शिकण्याचा नव्हे. शिकण्याबद्दल तो काहीच सांगत नाही, म्हणून मी त्यावर थांबत नाही.

थांबायचं ते २००४ च्या अभ्यासापाशी. टोरोंटोमध्ये ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांची १४४ मुलं घेतली आणि कोणत्या मुलाने काय शिकायचं हे चिठ्ठ्यांच्या न्यायाने ठरवलं. एक गट कीबोर्ड शिकला, दुसरा गायन, तिसरा नाटक. चौथ्या गटाला वर्षभर काहीच शिकवलं नाही, त्याचे वर्ग पुढच्या वर्षी. ही मांडणी मला सुंदर वाटते, ती मुख्यतः नाटकाच्या गटामुळे. एखादा प्रेमळ शिक्षक, छोटा गट आणि दर आठवड्याचा वर्ग यांचाच परिणाम होत असेल, तर तो नाटकातही दिसायला हवा. वर्षाअखेर सगळ्याच मुलांचा बुद्ध्यांक वाढला, कारण ती पहिलीत गेली होती. संगीताच्या दोन्ही गटांत वाढ सुमारे ७ गुणांची, उरलेल्या दोन गटांत सुमारे ४.३. फरक तीन गुणांहूनही कमी, पण होता. आणि नाटकाच्या मुलांमध्ये सामाजिक वागणुकीत जी सुधारणा दिसली, ती संगीताच्या मुलांमध्ये दिसली नाही.

यानंतरचे अभ्यास मात्र हळूहळू दुसरीकडे झुकले. २०२० मध्ये साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले. जिथे मुलांची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली होती आणि तुलनेच्या गटालाही दुसरं काहीतरी शिकवलं होतं, तिथे संगीताचा बुद्धीवरचा परिणाम जवळजवळ शून्यावर आला. जिथे वाटणी चिठ्ठ्यांनी झाली नव्हती तिथे तो मोठा दिसत होता. हे वाचून मला वाईट वाटलं नाही. उलट मोकळं वाटलं. गाण्याला गणिताच्या मार्कांची शिफारस लागू नये. मूल गायला शिकतं, स्वतःच्या आवाजातला बेसूर स्वतःला ऐकू येऊ लागतो, दुसऱ्याबरोबर श्वास जुळवता येतो. हा लाभ पुरेसा मोठा आहे, आणि पालकांना मी आता हेच सांगते.

मात्र पालकांच्या प्रश्नापेक्षा मला जास्त छळतो तो वेगळाच प्रश्न. माझ्या शिकवण्याने नेमकं काय होतं? एक उदाहरण घेते. विद्यार्थिनी एक चाल गाते आहे. तिसऱ्या ओळीत वरच्या सुरावर चढताना तिचा आवाज दर वेळी किंचित आधीच थांबतो, सुराला शिवतो आणि मागे येतो. मी लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम खाली आणते, निम्म्या लयीत. तेवढेच चार सूर, शब्द काढून, नुसत्या 'आ'कारात. तिचे खांदे वर चढतात ते खाली आणायला सांगते. पाचव्यासहाव्या वेळी सूर लागतो. मग शब्द परत घालते आणि तो पुन्हा निसटतो, कारण त्या सुरावर तोंड मिटणारं व्यंजन आहे. अडचण गळ्यात नव्हती, अक्षरात होती.

आता समजा कुणी माझ्या वर्गाच्या वर्षभराच्या नोंदी घेतल्या. कुणाला किती संथ सराव दिला आणि वर्षाअखेर कोण कसं गायलं, एवढंच लिहिलं. निष्कर्ष काय निघेल? ज्यांना संथ सराव जास्त दिला ते कमी चांगले गायले. म्हणजे संथ सराव घातक! आकडे खरे, हिशेब बरोबर आणि निष्कर्ष साफ उलटा. कारण संथ सराव मी सगळ्यांना सारखा वाटत नाही. जो अडतो त्याला देते. बऱ्याचदा तो अडणार आहे हे आधीच कानाला कळलेलं असतं, आणि अडण्याच्या आधीच मी लय उतरवते. नोंदवहीत माझा कान कुठेच नसतो.

हुबेहूब हेच १९९२ मध्ये अर्थतज्ज्ञ क्रिस्टोफर सिम्स यांच्या आकड्यांत उमटलं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि जपान या पाच देशांच्या मासिक आकडेवारीत त्यांना दिसलं की मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्यानंतर किमती उतरण्याऐवजी काही काळ चढतात. याला 'किमतींचं कोडं' असं नाव पडलं. व्याजदर वाढवले की कर्ज महागतं, मागणी मंदावते, महागाई उतरते, असं शास्त्र सांगतं. आकडे उलट बोलत होते. सिम्स यांनीच सुचवलेलं उत्तर असं: बँकेला महागाई येताना आधीच दिसते, म्हणून ती दर वाढवते. महागाई तरीही येते, दर वाढवले नसते तर आली असती त्याहून कमी. आकड्यांत मात्र आधी दरवाढ आणि नंतर महागाई, एवढंच उरतं. पूर्वानुमान करणाऱ्याचा कान इथेही नोंदीत नाही.

इथे चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. व्याजदर नाणं उडवून ठरवणारी बँक कुणालाच नको आहे, आणि ते योग्यच आहे. ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी चलनपुरवठा आवळायला घेतला. १९८१ मध्ये मुख्य व्याजदर २० टक्क्यांच्या घरात होता, आणि १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. महागाई मोडली खरी, पण या आकड्यांमागे घरं आहेत. चलनधोरणातलं संशोधन मला सर्वांत जबाबदारीचं वाटतं ते यासाठी. प्रयोग करता येत नाही आणि उत्तर चुकलं तर त्याची किंमत भलतेच लोक मोजतात.

मग करायचं काय? क्रिस्टिना आणि डेव्हिड रोमर या दांपत्याने १९८९ मध्ये एक जुनाट वाटणारी वाट धरली. ते वाचत बसले. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या धोरण समितीच्या बैठकांची टिपणं, पानामागून पान. महायुद्धानंतरच्या काळात 'महागाई कमी करण्यासाठी मंदीही पत्करू' अशा भूमिकेने बँकेने पाऊल उचललं, असे सहा प्रसंग त्यांनी वेचून काढले. २००४ मध्ये ते आणखी खोलात गेले. प्रत्येक बैठकीआधी बँकेचे अर्थतज्ज्ञ समितीसाठी अंदाजपत्रिका तयार करतात. तिच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला 'ग्रीनबुक' म्हणत, आणि ती काही वर्षांनी खुली होते. रोमर यांनी प्रत्येक दरबदलाशेजारी त्या वेळचा अंदाज ठेवला. अंदाज असा असताना समिती एरवी जेवढा दर बदलते तेवढा वजा केला. उरला तो बदलाचा असा भाग, की जो पुढे दिसणाऱ्या महागाईमुळे झाला नव्हता. कधी समितीतल्या मतांमुळे, कधी अध्यक्षांच्या विचारसरणीमुळे, कधी राजकीय दबावामुळे. एवढ्याच तुकड्याचा परिणाम मोजला आणि कोडं बहुतांशी विरघळलं. दरवाढीनंतर साधारण दोन वर्षं किमती फारशा हलत नाहीत, मग उतरू लागतात.

दुसरी वाट घड्याळाची. समितीचा निर्णय ठरलेल्या वेळी जाहीर होतो. जाहीर होण्याच्या दहा मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत वायदेबाजारात व्याजदरांचे भाव किती हलले ते बघायचं. बाजाराला जे अपेक्षित होतं ते आधीच भावात उतरलेलं असतं, त्यामुळे त्या अर्ध्या तासातली हालचाल म्हणजे निव्वळ अनपेक्षित भाग. दरबदलाचा असा अनपेक्षित भाग वायदेबाजारातून वेगळा काढण्याची वाट केनेथ कटनर यांनी २००१ मध्ये घालून दिली. तो अर्धा तास मला त्या क्वेसारांच्या प्रकाशाचा सख्खा भाऊ वाटतो. दोन्हीकडे धडपड एकच, की निवडीला आधीच्या माहितीपासून तोडून काढावं.

तरी पुरतं तुटत नाहीच. २०१८ मध्ये नाकामुरा आणि स्टाइनसन यांना त्या अर्ध्या तासाच्या आकड्यांतही एक विचित्र गोष्ट सापडली. अनपेक्षित दरवाढीनंतर खासगी तज्ज्ञांचे वाढीचे अंदाज खाली येण्याऐवजी वर जात होते. त्यांचा अर्थ असा की लोक मनाशी म्हणतात, बँकेने दर वाढवला म्हणजे अर्थव्यवस्था आपल्याला वाटते त्याहून बरी असल्याचं तिला कळलं असणार. २०२३ मध्ये बॉअर आणि स्वॉन्सन यांनी या अर्थाला आव्हान दिलं. त्यांच्या मते बँकेजवळ गुपित काही नाही. बैठकीआधी सगळ्यांसमोर आलेल्या बातम्यांना बँक किती जोराने उत्तर देते, याचाच बाजाराचा अंदाज कमी पडतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण ती तपासायला सोपी आहे आणि बँकेला त्रिकालज्ञानी मानत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

संगीतशिक्षणाच्या संशोधनात या तोडीची चिकाटी मला कमी दिसते, आणि हे मी तक्रार म्हणून नाही, आस म्हणून लिहिते आहे. काही चांगली कामं आहेत. २०१६ मध्ये कार्टर आणि ग्रान यांनी दहा क्लॅरिनेटवादकांना दोन्ही पद्धतींनी सराव करायला लावला. काही रचनांवर सलग बारा मिनिटं, तर काहींवर तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या, आलटूनपालटून. प्रत्येक वादकाची तुलना स्वतःशीच. दुसऱ्या दिवशीचं वादन परीक्षकांना ऐकवलं, तेव्हा पारडं आलटूनपालटून केलेल्या सरावाकडे झुकलं. वादक दहाच होते, म्हणून मी याला नियम म्हणणार नाही. पण पद्धत शुद्ध आहे, आणि वर्गात लगेच करून पाहता येते.

माझ्या मनात मात्र रोमर दांपत्याची वही घोळते. शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून सराव वाटावा असं मला वाटत नाही. समोर मूल अडलेलं असताना नाण्याचं ऐकणं माझ्याच्याने होणार नाही. पण अंदाजपत्रिका लिहिता येते. वर्ग सुरू होण्याआधी दोन ओळी: ही आज कुठे अडेल असं मला वाटतं, आणि महिन्याने तिचं हे गाणं कसं झालेलं असेल. मग वर्गात काय दिलं ते. बहुतेक वेळा सराव अंदाजाला धरूनच दिलेला असेल. पण एखाद्या दिवशी वेळ कमी पडतो, मेट्रोनोमची बॅटरी संपते, आधीचा वर्ग लांबतो, आणि संथ सराव जिला द्यायचा तिला द्यायचा राहून जातो. असे दिवस पुष्कळ शिक्षकांच्या वह्यांतून गोळा केले, तर संथ सरावाने खरोखर काय होतं हे मोजता येईल. कुणाही विद्यार्थ्याला मुद्दाम वंचित न ठेवता.

अडचणी आहेतच. आपला अंदाज चुकला हे लेखी राहणं शिक्षकांना रुचेल का, हा प्रश्न आहे. महिन्यानंतरचं गाणं कुणी तपासायचं हाही आहे. तपासणाऱ्याला अंदाज माहीत असता कामा नये, आणि सराव कोणता दिला तेही. त्यासाठी ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या गावच्या शिक्षकाकडे नावाशिवाय पाठवणं हा एक मार्ग. दोन शिक्षिकांशी बोलले आहे, एकीने होकार दिला आहे. वहीत कोणते रकाने असावेत यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, गळ्याची अडचण आणि अक्षराची अडचण यांचे रकाने वेगळे हवेत.